सुलिसच्या झऱ्यातली गाऱ्हाणी

डोसिलियानस नावाच्या माणसाची खोळ चोरीला गेली. खोळ म्हणजे टोपडं जोडलेला लोकरी झगा; ब्रिटनच्या गारठ्यात आणि रिपरिप पावसात अंगावर असायलाच हवा असा. लॅटिनमध्ये त्याला कॅराकल्ला म्हणत. एका रोमन सम्राटाला हा झगा इतका आवडायचा की इतिहासात त्याचं नावच कॅराकल्ला पडलं. डोसिलियानस काही सम्राट नव्हता. ब्रुकेरसचा मुलगा, एवढीच त्याची ओळख शिल्लक आहे. त्यानं शिसं-कथिलाचा पातळ पत्रा घेतला, टोकदार लेखणीनं त्यावर अक्षरं कोरली, पत्रा दुमडला आणि देवीच्या वाफाळत्या झऱ्यात टाकला. त्यावर लिहिलं आहे ते साधारण असं: परमपवित्र देवी सुलिस, ज्यानं माझी खोळ चोरली, तो पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला तू मरण दे. माझी खोळ तुझ्या देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, मूल होऊ देऊ नकोस, आताही नाही आणि पुढंही नाही.

गेल्या वर्षी मुलीकडे ब्रिस्टलला गेले होते. तिथून बाथ जवळच, म्हणून एका पावसाळी सकाळी आम्ही दोघी गेलो. रोमन स्नानगृहाच्या त्या संग्रहालयात लोक हिरव्या पाण्याच्या मोठ्या हौदापाशी फोटो काढत होते. मी मात्र एका काचेपुढं थांबले ती हललेच नाही. आत तळहाताहून लहान, काळपट, चुरगळलेले पत्रे. मुलगी दोनदा पुढं जाऊन परत आली. "आई, शाप वाचत बसलीस?" तिनं विचारलं. मला तिला सांगायचं होतं की हे शाप नाहीत. हे मी लहानपणी ऐकलेलं आहे, वेगळ्या भाषेत, सिंधुदुर्गातल्या एका देवळात. पण तिथं उभ्यानं ते सांगता येईना. ते सांगायला हा लेख लिहिते आहे.

बाथचं रोमन नाव ॲक्वी सुलिस, म्हणजे सुलिसचं पाणी. सुलिस ही तिथली मूळची देवी. रोमन आले आणि त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडून सुलिस मिनर्व्हा केलं. झऱ्याचं पाणी 46 अंशांचं. रोज 11 लाख लिटरहून जास्त पाणी आजही जमिनीतून वर येतं. पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांच्या चमूनं 1979-80 मध्ये झऱ्याच्या तळाशी खोदकाम केलं, तेव्हा भाविकांनी टाकलेली 12 हजारांहून जास्त नाणी निघाली आणि त्यांच्या सोबत सुमारे 130 पत्रे. रॉजर टॉमलिन या विद्वानानं वर्षानुवर्षं त्यांच्यावर डोळे शिणवले आणि 1988 मध्ये त्यांचं वाचन प्रसिद्ध केलं. पत्रे इसवी सनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकातले. जवळजवळ प्रत्येकाचं हस्ताक्षर निराळं आहे. म्हणजे देवळाच्या दारात बसलेला एखादा लेखनिक पैसे घेऊन सगळ्यांचं लिहून देत होता, असं नाही. लोक स्वतः लिहीत होते. काही पत्र्यांवर तर अक्षरंच नाहीत, अक्षरांसारखे दिसणारे ओरखडे आहेत नुसते. लिहिता न येणाऱ्या कुणीतरी ओळीखाली ओळ ओढून आपलं म्हणणं देवीला कळवलं. त्या ओरखड्यांपुढं मी सगळ्यात जास्त वेळ उभी होते.

आमच्या आजीचं तांब्याचं घंगाळ चोरीला गेलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. मे महिन्याची सुट्टी. घंगाळ मागीलदारी न्हाणीपाशी उपडं घातलेलं असे. तिच्या माहेरून लग्नात आलेलं, कड जराशी चेपलेली. एका सकाळी ते नव्हतं. आजोबा म्हणाले, पोलिसांत जाऊ. आजीनं हात उडवला. तालुक्याला जायचं, बाकावर बसायचं, कुणाचा संशय आहे म्हणून साहेब विचारणार, आणि संशय असलेल्याचं नाव घ्यायचं म्हणजे वाडीतलं नाव घ्यायचं. "माका भांडा नको," ती म्हणाली, "कोणी नेल्यान ता कळाक व्हया." सोमवारी ती नारळ घेऊन रवळनाथाच्या देवळात गेली. मी तिचं बोट धरून.

गुरवानं नारळ देवापुढं ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. त्यातलं सगळं आठवत नाही, पण मधली एक ओळ कानात घट्ट बसली आहे: घरचो आसांदे, भायलो आसांदे, बायल आसांदे, बापयो आसांदे, जो कोण आसात त्याका सुखान घास गिळूक देव नको, म्हाराजा. मागं उभे असलेले दोघं-तिघं एका सुरात म्हणाले, व्हय म्हाराजा. मला भीती वाटली होती. आजीचा चेहरा मात्र कचेरीत अर्ज देऊन आलेल्या माणसासारखा झाला होता. आपलं काम आपण केलं, आता पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

म्हणून बाथच्या काचेपुढं 'पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र' हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. लॅटिनमध्ये ती जोडी लयीत येते: सी विर, सी फेमिना. अशा जोड्या पत्र्यामागून पत्र्यांत आहेत. ॲनियानस नावाच्या एकाची थैलीतली सहा चांदीची नाणी गेली. त्यानं तर कुठली फटच ठेवलेली नाही. चोर मूर्तिपूजक असो की ख्रिस्ती, पुरुष की बाई, मुलगा की मुलगी, गुलाम की स्वतंत्र, हे देवी, त्याच्याकडून तू वसूल कर. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला नावांची यादी. चौथ्या शतकात ब्रिटनमध्ये नवा धर्म आलेला आहे, आणि ॲनियानसला त्याची दखल एवढ्यापुरतीच घ्यायची आहे की ख्रिस्ती झाला म्हणून चोर सुटता कामा नये. हे मला फार खरं वाटतं. मोठमोठ्या उलथापालथी सामान्य माणसाच्या आयुष्यात अशाच शिरतात, हरवलेल्या सहा नाण्यांच्या हिशेबात.

इंग्रजीत यांना शाप-पत्रे म्हणतात, आणि सगळीकडे तोच शब्द रूढ आहे. हेंक व्हर्सनेल या डच अभ्यासकानं मात्र यातल्या काहींना वेगळं काढलं आणि 'न्यायासाठीच्या प्रार्थना' असं नाव दिलं. त्याचं म्हणणं पटतं. पण त्याला दोन-तीन शब्द जोडावे लागले. आपल्याकडे तक्रार आणि प्रार्थना एकत्र वाहून नेणारा एकच शब्द आधीपासून आहे: गाऱ्हाणं. गाऱ्हाणं घालणारा माणूस आपलं नाव सांगतो, काय गेलं ते सांगतो, कुणापुढं उभा आहे हे जाणून अदबीनं बोलतो आणि शिक्षेला मुदत घालतो. वस्तू परत येईपर्यंत, एवढंच. डोसिलियानसनं मरण मागितलं खरं, पण लगेच पुढं 'माझी खोळ देवळात आणून देईपर्यंत' असंही लिहिलं. चोर मेलाच तर खोळ आणणार कोण, हा विचार त्या क्षणी त्याला सुचला नसावा. ज्याची वस्तू गेलेली असते त्याचं बोलणं असंच असतं.

त्या काळात पोलीस नव्हते. रोमन कायद्यात चोरी हा बहुतांशी ज्याची वस्तू गेली तो आणि चोर, या दोघांमधला खासगी मामला होता. चोर तुम्ही शोधायचा, न्यायाधिकाऱ्यापुढं तुम्ही उभा करायचा, सिद्ध तुम्ही करायचं. मग दुप्पट-चौपट भरपाई मिळणार. आणि स्नानगृहात तर कपडे काढून कोनाड्यात ठेवायचे आणि उघड्यानं पाण्यात उतरायचं. तिथल्या चोऱ्या इतक्या नेहमीच्या होत्या की रोमन कायद्याच्या संग्रहात स्नानगृहातल्या चोरांसाठी वेगळं प्रकरणच आहे. श्रीमंत माणूस कपड्यांवर नजर ठेवायला गुलाम आणायचा. डोसिलियानसकडे गुलाम नसणार. डोसिमेडिस म्हणून आणखी एक जण होता, त्याचे दोन हातमोजे गेले. चोराची बुद्धी जावो, डोळे जावोत, असं त्यानं मागितलं. दोन हातमोज्यांसाठी डोळे! संग्रहालयात हे वाचून लोक हसतात. मला हसू आलं नाही. ज्याच्याकडे हातमोज्यांचा एकच जोड आहे, त्याच्या हिवाळ्याचा हिशेब हसणाऱ्याला ठाऊक नसतो.

बाथच्या उत्तरेला अली नावाच्या ठिकाणी मर्क्युरी या रोमन देवाचं देऊळ होतं. तिथंही असे पत्रे मोठ्या संख्येनं सापडले आहेत, आणि त्यातला होनोरातसचा पत्रा मला सगळ्यांत जवळचा वाटतो. त्याची दोन चाकं, चार गाई आणि घरातल्या बऱ्याच बारीकसारीक वस्तू गेल्या. चोराला निजू देऊ नकोस, बसू देऊ नकोस, खाऊ-पिऊ देऊ नकोस, असं तो मागतो, आणि शेवटी म्हणतो: जोवर तो माझी मत्ता परत आणून देत नाही आणि माझ्याशी समेट करत नाही तोवर. समेट! एवढा संतापलेला माणूस शेवटी समेटाचं दार उघडं ठेवतो. गावात राहायचं असतं. चोर बहुतेक गावातलाच असतो.

त्याच देवळात सॅटर्निना नावाच्या बाईनं हरवलेल्या तागाच्या कापडासाठी पत्रा वाहिला. कापड मिळालं तर तिसरा हिस्सा देवाला. तिनं आधी मार्स-सिल्व्हानस या देवाचं नाव लिहिलं, मग त्यावर मर्क्युरीचं नाव गिरवलं. कुठल्या देवाकडे जावं हे ठरेना, किंवा कुणीतरी सांगितलं की या कामाला तो नाही, हा पाहिजे. आमच्याकडे बायका वेशीवरच्या देवाकडे जायचं की घरच्या देवाकडे यावर अशीच सल्लामसलत करत.

गाऱ्हाण्याच्या आधी कौल असतो. कोकणात देवाला तांदूळ किंवा फुलं लावून प्रश्न विचारतात; उजवीकडचं पडलं की होकार. आजीनंही आधी कौल लावला होता, घरातल्या कुणी नेलं का, म्हणून. ग्रीसच्या वायव्येला डोडोना नावाच्या ठिकाणी झ्यूसचं जुनं देवस्थान आहे. तिथं लोक शिशाच्या पट्ट्यांवर प्रश्न लिहून देवाला विचारत. अशा हजारो पट्ट्या सापडल्या आहेत. एगिस नावाचा माणूस विचारतो: माझी पांघरुणं आणि उशा हरवल्या, त्या बाहेरच्या कुणी चोरल्या का? दुसरा कुणी सरळ नाव घेतो: डोरकिलोसनं कापड चोरलं का? लायसॅनियास विचारतो: ॲनिला पोटुशी आहे, ते मूल माझं आहे का? पहिल्या दोन प्रश्नांनी मी गालातल्या गालात हसले होते. तिसऱ्यानं हसणं थांबलं. हा प्रश्न त्यानं बायकोला विचारला नाही, मित्राला विचारला नाही. दूरचा प्रवास करून देवळात आला, शिशावर कोरला, पट्टी गुंडाळली.

आता जे सांगायचं आहे ते गाऱ्हाणं नव्हे, आणि ते लपवून चालणार नाही. बाथच्या आधी सातशे-आठशे वर्षं ग्रीकांकडे हेच शिसं वेगळ्या कामाला येत होतं. सर्वांत जुने पत्रे सिसिलीतल्या सेलिनूस शहरातले, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरचे आणि पाचव्याच्या सुरुवातीचे. अथेन्सजवळ लॉरियनला चांदीच्या खाणी होत्या. चांदी गाळल्यावर शिसं उरायचं, स्वस्त, मऊ, कुणीही खिळ्यानं त्यावर लिहावं असं. व्यापारी लोक साधी पत्रंही शिशावर लिहीत. मग हाच पत्रा दुमडून, त्यात खिळा ठोकून एखाद्या कबरीत सरकवला की तो पाताळाला गेलेलं पत्र व्हायचा, आणि कबरीतला मेलेला माणूस पोस्टमन. त्यासाठी अकाली मेलेल्यांच्या कबरी बऱ्या. ज्यांचं आयुष्य अर्धवट राहिलं त्यांना शांती नसते, असा समज होता. ग्रीक शब्द आहे कातादेस्मोस, म्हणजे बांधून टाकणं. एका पत्र्यात लिहिलं आहे, जसं हे शिसं थंड आणि कवडीमोल आहे तसं त्याचं सगळं थंड आणि कवडीमोल होवो. यात कुणी नाव सांगत नाही, काय गेलं ते सांगत नाही, मुदत नाही, समेट नाही. समोरचा नकोच आहे.

अथेन्सच्या केरामायकोस दफनभूमीत शिशाची एक बोटभर बाहुली सापडली, इसवी सनापूर्वी 400 च्या सुमाराची. हात मागं बांधलेले, उजव्या पायावर नाव, म्नेसिमाखोस. तिच्यासाठी शिशाचीच शवपेटी, झाकणावर त्याच्या साथीदारांची नावं आणि शेवटी 'त्याच्या बाजूनं बोलणारा किंवा साक्ष देणारा जो कोणी असेल तो'. हा कोर्टाचा मामला होता. अथेन्समध्ये आपला खटला आपण स्वतः बोलून लढवायचा असायचा, म्हणून जीभ बांधायची. ही भीती पुढं रोमनांमध्येही राहिली: प्रसिद्ध वक्ता सिसेरो टिटिनिया नावाच्या बाईची बाजू मांडत होता; त्याच्या विरोधात बोलायला उभा राहिलेला क्युरिओ ऐन खटल्यात सगळं विसरला आणि म्हणाला, टिटिनियानं माझ्यावर मंत्र घातला. सिसेरोनंच हे लिहून ठेवलं आहे.

खानावळवाल्यांचंही तसंच. अथेन्सजवळ एका तरुण मुलीच्या कबरीत पाच पत्रे एकत्र सापडले, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले. चारांवर मजकूर, पाचवा कोरा. डेमेट्रिओस आणि फानागोरा, मद्यालय चालवणारं जोडपं, त्यांची मालमत्ता, त्यांचा धंदा, सगळं बांधून टाका म्हणून पाताळातल्या देवतांना विनवणी. दुसऱ्या एका पत्र्यात शेजारचा कालियास मद्यविक्रेता, त्याची बायको थ्राइटा, टकल्याचं दुकान, आणखी दोघांची दुकानं. एकाच गल्लीत चार-पाच गुत्ते, गिऱ्हाईक तेवढंच. टकल्याचं नावही लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं, किंवा गल्लीत सगळे त्याला टकल्याच म्हणत असावेत. मला त्या मुलीचं वाईट वाटतं, जिच्या कबरीत हे सरकवलं. तिचा या धंद्याशी काय संबंध? तिच्या आईबापांनी तिला पुरलं, आणि पाठोपाठ कुणीतरी येऊन तिच्या हातात दुसऱ्याचा द्वेष दिला.

उत्तर आफ्रिकेतल्या हाड्रुमेटमला रथांच्या शर्यतींचं वेड होतं. तिथला एक पत्रा भुताला आज्ञा करतो: हिरव्या आणि पांढऱ्या गटाचे घोडे मार, क्लारस, फेलिक्स, प्रिमुलस, रोमानस या सारथ्यांना चिरड, त्यांच्यात श्वास ठेवू नकोस.

आणि इजिप्तमधली ती मातीची बाई. ती आता पॅरिसला लूव्र संग्रहालयात आहे. गुडघे टेकलेली, हात मागं, अंगात तेरा सुया खुपसलेल्या. मडक्यात तिच्यासोबत शिशाचा पत्रा होता. अरेआचा मुलगा सारापामोन याला आइआसची मुलगी टोलेमाइस हवी होती. माणसाला आईच्या नावानं ओळखायचं, हा या विद्येचा नियम, कारण बापाबद्दल शंका असू शकते. माझ्याकडे येईपर्यंत तिला खाऊ देऊ नका, पिऊ देऊ नका, केसांना धरून ओढत आणा, असं तो एका मेलेल्या माणसाच्या आत्म्याला सांगतो. अशा बाहुलीची कृती मंत्रांच्या एका पोथीतही जशीच्या तशी सापडली आहे: मेंदूत एक सुई, कानात दोन, डोळ्यांत दोन, तोंडात एक, असं करत तेरा. सुई टोचताना म्हणायचं, मी अमकीचा मेंदू टोचतो आहे, म्हणजे तिला माझ्याखेरीज काही आठवणार नाही. पुष्कळ जण याला प्रेमाचा मंत्र म्हणतात. मी म्हणणार नाही. टोलेमाइस नको म्हणाली असणार, आणि तिचं नको ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती. 'खाऊ देऊ नका, पिऊ देऊ नका' हेच शब्द होनोरातसचेही आहेत. शब्द तेच असून माझं मन एकाच्या बाजूला उभं राहतं आणि दुसऱ्यापासून मागं सरतं.

करणाऱ्यांची ही बाजू. ज्यांच्यावर होतं, त्यांची भीती निराळी. प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे की करणीला भीत नाही असा माणूस नाही. अंडं खाल्ल्यावर लोक टरफल लगेच चुरडतात किंवा चमच्यानं भोक पाडतात, ते याच भीतीपोटी, असं तो म्हणतो. थिओफ्रास्टस या ग्रीक लेखकानं रंगवलेल्या भित्र्या माणसाला मुंगसासारखं दिसणारं एक जनावर आडवं गेलं की तो थांबतो, दुसरं कुणी पुढं जाईपर्यंत किंवा रस्त्यापलीकडे तीन खडे फेकेपर्यंत पाऊल टाकत नाही. तिठ्यावर तेल घातलेले दगड दिसले की त्यांच्यावर आणखी तेल ओतून गुडघे टेकतो. आपल्या वाडीतला कुणी तरी आठवल्याशिवाय हे वाचताच येत नाही. प्लेटोनं उतारवयात कायद्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात तो म्हणतो की दारात, तिठ्यावर किंवा आईबापांच्या कबरीपाशी मेणाच्या बाहुल्या दिसल्यावर लोकांच्या मनात संशय शिरतो, आणि याकडे लक्ष देऊ नका असं त्यांना सांगणं व्यर्थ आहे. एवढा मोठा तत्त्वज्ञ इथं हात टेकतो, आणि त्याचं हे हात टेकणं मला त्याच्या इतर पुष्कळ निश्चित विधानांपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

इसवी सन 19 मध्ये सम्राटाच्या घरातला लाडका सेनापती गेर्मानिकस अँटिओकला आजारी पडून मेला. त्याच्या घराच्या जमिनीत आणि भिंतींत माणसाचे अवशेष, राख आणि त्याचं नाव कोरलेले शिशाचे पत्रे सापडल्याचं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. राजघराणंही सुटत नव्हतं. पण मला क्रेसिमसबद्दल जास्त सांगायचं आहे.

गायस फ्युरियस क्रेसिमस गुलामगिरीतून सुटलेला माणूस. त्याचं शेत लहान. शेजाऱ्यांची मोठमोठी शेतं असून पीक याचंच जास्त यायचं. मग कुजबुज सुरू झाली, हा मंत्रानं आमच्या शेतातलं पीक आपल्याकडे ओढतो. हा साधा आरोप नव्हता. रोमच्या सर्वांत जुन्या कायद्यातच, बारा पाट्यांमध्ये, मंत्र घालून दुसऱ्याचं पीक पळवण्याला शिक्षा होती. खटला उभा राहिला. लोक मतं देणार, त्या दिवशी क्रेसिमसनं आपला सगळा संसार चौकात आणला: धडधाकट, नीट कपडे घातलेली माणसं, उत्तम घडवलेली अवजारं, जड कुदळी, वजनदार फाळ, खाऊन-पिऊन तुकतुकीत झालेले बैल. आणि म्हणाला, नागरिकांनो, हे माझे मंत्र. माझी रात्रीची जागरणं, पहाटेचं उठणं आणि घाम मात्र मला इथं आणून दाखवता येत नाही. एकमतानं सुटला. प्लिनी ही गोष्ट शेतीच्या प्रकरणात सांगतो, जादूच्या नव्हे. मी ती किती जणांना सांगितली आहे त्याची गणती नाही. जादूटोण्याच्या संशयावरून आजही आपल्याकडे माणसांना, विशेषतः एकट्या बायकांना, गावाबाहेर काढतात, मारतात. प्रत्येकीकडे चौकात आणून दाखवायला बैल नसतात.

आणि कधी संशय घेणाऱ्यांचं तोंड बंद करायला बाईच देवाकडे जाते. तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य टोकाला क्निडोस. तिथल्या डिमिटर देवीच्या देवळात चार्ल्स न्यूटननं 1850 च्या दशकात खोदकाम केलं, तेव्हा बायकांनी वाहिलेले शिशाचे पत्रे मिळाले. अँटिगॉनी नावाची बाई म्हणते: मी आस्क्लेपियाडिसला विष दिलं असेल किंवा त्याचं वाईट चिंतलं असेल, तर मी स्वतः जळत, कबुली देत डिमिटरपुढं येईन. दुसरी म्हणते, नवऱ्याला विष घातल्याचा आळ माझ्यावर ज्यानं घेतला, त्यानं यावं. पत्र्यांमध्ये एक अट पुन्हा पुन्हा येते. ज्याच्यावर हे घातलं आहे तो आणि मी एका छपराखाली आलो, एका न्हाणीत उतरलो, एका पंगतीला बसलो, तर त्याचा दोष मला लागू नये. म्हणजे ज्याच्यावर गाऱ्हाणं घातलं त्याच्याशीच उद्या पंगतीला बसायचं आहे, हे त्या बायकांना लिहिताना दिसत होतं.

घंगाळ परत आलं नाही. त्यानंतर तिसऱ्या पावसाळ्यात वाडीतल्या एका घरचा मुलगा माडावरून पडला. उजवा हात कोपरापासून मोडला. वर्षभरानं हात जोडला, पण पुरता वळेना. मोठ्यानं कुणी काही बोललं नाही, पण विहिरीवर आजी आली की बायकांचं बोलणं थांबायला लागलं. मी सुट्टीला गेले तेव्हा आजी एकदम म्हातारी दिसायला लागली होती. मुलगा चोर होता की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. आजीलाही नाही.

लिडियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, दुसऱ्या शतकात गाऱ्हाण्याची एक रीत होती. देवळात देवाचा दंड रोवायचा. आमच्या देवळातल्या तरंगकाठ्या मला तिथं आठवल्या. देवाचा कोप झाला, चोरानं किंवा शपथ मोडणाऱ्यानं कबुली दिली, की ती दगडावर कोरून उभी करायची. एका दगडावर लिहिलं आहे की स्नानगृहातून वस्त्र चोरीला गेलं, मेन नावाच्या देवानं चोरावर कोप केला, काही काळानं त्यानं वस्त्र देवापुढं आणून कबुली दिली, आणि देवाच्या सांगण्यावरून ते विकण्यात आलं. डोसिलियानसच्या खोळीचं पुढं काय झालं हे झऱ्यानं सांगितलं नाही. इथं, कितीतरी मैल दूर, दुसऱ्या देवाच्या दारी, तसल्याच वस्त्राच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सापडतो.

दुसरा दगड टाटियाचा, इसवी सन 156-57 चा. तिचा जावई युकुंडस वेडा झाला. सासूनंच काहीतरी घातलं, असं लोक बोलायला लागले. टाटियानं देवळात दंड रोवला आणि शापवाणी ठेवली, माझ्यावर आळ घेणाऱ्यांवर. देवांनी तिलाच शिक्षा केली, असं दगड म्हणतो. तिचा मुलगा सोक्रेटिस द्राक्षवेलींचा कोयता घेऊन देवराईच्या वाटेनं जात होता, कोयता त्याच्या पायावर पडला, आणि एका दिवसात तो गेला. टाटिया खरंच दोषी होती की गावानं तिच्या दुःखाला दोषाचं नाव दिलं, हे मला त्या दगडावरून ठरवता येत नाही. पण पुढं तिची नातवंडं देवळात गेली. त्यांनी तो दंड काढला, आजीनं ठेवलेली शापवाणी सोडवली, देवांची करुणा भाकली आणि हे सगळं दगडावर कोरून ठेवलं.

आमची आजी त्या वर्षी पुन्हा नारळ घेऊन गेली. पाऊस पडत होता, वाटेत चिखल. या वेळी गाऱ्हाण्याला मागं व्हय म्हणायला कुणी नव्हतं. गुरवाला तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण गुरवानं तिच्याकडे एकदा बघितलं, मग देवाकडे वळून हळू आवाजात बोलला: केलेलां सांगणा मागे घेतल्यान हा, म्हाराजा. नारळ फोडला. एक कवड देवाला राहिली, एक तिच्या हातात आली. घरी परतताना ती आमच्या पाणंदीकडे वळलीच नाही, सरळ त्या मुलाच्या घरी गेली. त्याची आई पडवीत तांदूळ निवडत होती. आजीनं ती कवड तिच्या सुपात ठेवली, पायरीवर बसली, आणि तिच्यासोबत खडे वेचायला लागली.